शेतकामाचे घट्टे किती दिवसांत जातात, आणि ते कसे उतरवायचे

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडे शेताला आणि हातांना एकदमच सुट्टी मिळते. तूर-हरभरा घरात आलेला असतो, होळी झालेली असते, आणि दुपारी ओट्यावर बसल्या-बसल्या बायकांचं लक्ष स्वतःच्या तळहातांकडे जातं. यंदा पहिला प्रश्न शेजारच्या काकूंच्या सुनेनं विचारला. मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न. दोन्ही हात पुढं करून म्हणाली, "ताई, मेहंदीच्या आधी जातीन का हो हे घट्टे? का असेच राहतीन?"

तिच्या उजव्या हाताला चार बोटांच्या बुडाशी चार घट्टे होते, तुरीच्या दाण्याएवढे, पिवळसर, कडेला पांढुरके. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात एक लांबट पट्टा होता, तो विळ्याचा. मी गावात आशा, म्हणजे आरोग्य सेविका, म्हणून फिरते आणि घरची कोरडवाहू शेतीही करते. असे हात रोज बघते, माझेही तसेच आहेत. तिला जे सांगितलं ते सगळं इथं नीट लिहून काढते.

आधी सरळ उत्तर. काम पूर्ण थांबलं तर एखाद्या महिन्याच्या कामानं आलेला पातळ घट्टा तीन-चार आठवड्यांत मऊ होऊन निघून जातो. हंगामभर रोज विळा, कुदळ, फावडं चालवून आलेला जाड घट्टा सहा ते दहा आठवडे घेतो. वीस-तीस वर्षं शेतात घातलेल्या माणसाच्या हाताला चार-सहा महिने लागतात, आणि तिथं थोडी जाडी कायमचीच राहते. हा अंदाज मी पाहिलेल्या हातांवरून बांधलेला आहे. साठीच्या माणसाला विशीतल्या पोरापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि यातला सगळ्यात जड शब्द आहे "पूर्ण". मधेच चार दिवस रोजगार हमीच्या कामावर टिकास (खणायचं टोकदार अवजार) मारला की पुन्हा मोजणी जवळजवळ पहिल्यापासून.

म्हणून तिला म्हटलं, मार्चच्या मध्यापासून नीट लागलीस तर मेच्या मेहंदीला हात चांगले दिसतील. अगदी शहरातल्या पोरीसारखे नाही होणार, पण रंग एकसारखा चढेल.

कातडी आपल्या चालीनं चालते

कातडी खालून वर वाढते. तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, मरून चपट्या होतात आणि शेवटी कोंड्यासारख्या झडतात. अंगावरच्या साध्या कातडीला या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्त. तळहात आणि तळपायाचं वरचं कातडं मुळातच जाड असतं, साधारण दीड मिलिमीटर. पापणीवर तेच कातडं 0.05 मिलिमीटर, म्हणजे तीसपट पातळ.

एकाच जागी रोज थोडं-थोडं घासलं, दाबलं गेलं की तळातल्या पेशी भराभर वाढायला लागतात आणि वरचे मेलेले थर लवकर झडत नाहीत. थरावर थर बसतात. तोच घट्टा. पण हेच घासणं एकदम आणि जोरात झालं, तर थर रचायला कातडीला वेळच मिळत नाही. मग वरचं कातडं खालच्यापासून सुटतं आणि मधे पाणी भरतं, म्हणजे फोड येतो. पुण्याहून सुटीत आलेला पोरगा पहिल्याच दिवशी फावडं मारून फोड घेऊन येतो आणि बाजूला त्याच्या बापाच्या हाताला काही होत नाही, ते यामुळेच. बापाचा घट्टा हा त्याच्या हातातला मोजाच आहे.

काम थांबलं की आधी तळातली घाई कमी होते. पण वर रचलेला ढीग तसाच असतो, आणि तो त्याच्या वेळेनंच झडणार. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस काहीच फरक दिसत नाही. उलट हात आणखी वाईट दिसतात. रोजचा घाम, ओलावा थांबतो, घट्टा कोरडा पडतो, पिवळा दिसतो, कडा उचलतात, लुगड्याचे धागे त्यात अडकतात. नेमक्या याच दिवसांत माणूस वैतागून ब्लेड हातात घेतो. तो वैताग सुरू झाला की समजा, घट्टा उतरणीला लागला आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. तळहाताला घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेलाच्या ग्रंथी अजिबात नसतात. चेहरा स्वतःचं तेल स्वतः काढतो, तळहात काढू शकत नाही. त्याला तेल बाहेरूनच द्यावं लागतं. आपल्याकडची मार्च-एप्रिलची हवा किती कोरडी असते हे वेगळं सांगायला नको. माठातलं पाणी त्या हवेनंच गार होतं, आणि हात त्याच हवेनं फाटतात.

आधी हात नीट बघा

काही लावायच्या आधी पाच मिनिटं उजेडात बसून दोन्ही हात पाहा. घट्टा कामाच्या जागीच येतो. कुदळ-फावड्याचा बोटांच्या बुडाशी, खुरप्याचा तळहाताच्या मध्यात जिथं मूठ टेकते तिथं, विळ्याचा बेचक्यात. अंगठा मुडपून दूध काढणाऱ्याच्या अंगठ्याच्या सांध्यावर येतो. डवरा (बैलानं ओढायचं कोळपं) धरणाऱ्याला त्याच्या रुमण्यामुळं, म्हणजे मुठीच्या दांड्यामुळं, तळहाताच्या टाचेकडं येतो. हात पाहून मी बऱ्याचदा सांगू शकते की माणूस कशावर राबतो.

खरा घट्टा चपटा आणि पसरट असतो, आणि त्याच्यावरून हाताच्या बारीक रेषा अखंड जातात. दाबला तर फार तर जरासं दुखतं. एखाद्या जागी रेषा तुटून बाजूनं वळल्या असतील, आत काळे बारीक ठिपके असतील आणि वरून दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखत असेल, तर ती चामखीळ असण्याची शक्यता जास्त. ती विषाणूनं होते, घासली तर दुसरीकडं पसरते. तिच्यावर वजरी, म्हणजे कातडी घासायचा खरखरीत दगड, फिरवू नका.

एकाच तळहाताला पिठासारखा कोंडा येतो, रेषा पांढऱ्या दिसतात, आणि दोन्ही पायांच्या बोटांमध्येही खाज आहे, तर ती गजकर्णासारखी बुरशी असते. "कामाचा हात आहे, सोलतच राहते" म्हणून लोक दोन-दोन वर्षं काढतात. खरं तर डॉक्टरनं दिलेल्या औषधानं ते बरं होतं. गवंडीकाम करणाऱ्याचे हात सिमेंटनं लाल होऊन फाटतात, निंदण करणाऱ्या काहींना गाजरगवतानं खाज सुटते. हे घट्टे नाहीत, घासल्यानं ते वाढतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी तपासणी. डोळे मिटायला सांगा आणि बॉलपेनच्या टोकानं हातावर इथं-तिथं हलकेच टेकवा. जिथं लागलं तिथं माणसानं बोट ठेवायचं. घट्ट्याच्या मध्यावर स्पर्श थोडा बोथट लागतो, ते ठीक. पण घट्टा नसलेल्या जागी, विशेषतः करंगळीच्या बाजूनं, काहीच कळत नसेल, करंगळी वाकडी व्हायला लागली असेल, अंगावर कुठं फिकट बधिर चट्टा असेल, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोग विदर्भाला नवा नाही. दत्तपूर, तपोवन, बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ उभं केलेलं आनंदवन, ही कुष्ठरोग्यांसाठीची सगळी ठिकाणं याच मातीत झाली, कारण इथं रोगी होते. आणि अजूनही नवे रोगी सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा बारा महिने घ्यावं लागतं, आणि रोग बरा होतो. लाज वाटून लपवण्यासारखं यात काही नाही. बधिर हाताला विळा लागला तरी कळत नाही, तिथंच बोटं जातात.

साखर (मधुमेह) असलेल्यांनी पुढचं सगळं वाचावं, पण त्यातलं घासणं आणि आम्लाचं मलम सोडून द्यावं. फक्त तेल, आणि बाकी डॉक्टरच्या नजरेखाली. जखम लवकर भरत नाही आणि बधिरपणामुळं किती घासलं तेही कळत नाही.

आठवड्यांचा हिशेब

पहिला आणि दुसरा आठवडा: फक्त भिजवणं आणि तेल. घासायचं नाही. कोरड्या घट्ट्यावर वजरी फिरवली की वरचा थर निघत नाही, आडवा फाटतो, आणि भेग खालपर्यंत जाते.

तिसऱ्या आठवड्यापासून हलकं घासणं सुरू. आता घट्ट्याच्या कडा पातळ झालेल्या दिसतील. तो बाहेरून आत लहान होत जातो, आटत्या तळ्यासारखा. मधला भाग सगळ्यात शेवटी जातो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिवळेपणा जातो, खालून गुलाबी कातडी दिसते. ती कोवळी असते. गरम तवा, तिखट, साबणाचा सोडा तिला पटकन लागतो. माझ्या स्वतःच्या हातावर एका वर्षी सहाव्या आठवड्यात मिरची कुटताना अशी आग झाली की रात्रभर हात ताकात घालून बसले. तेव्हापासून या दिवसांत मिरची दुसऱ्याकडून कुटून घेते.

आठव्या ते दहाव्या आठवड्यात हंगामी घट्टा बहुतेक संपलेला असतो. जुना असेल तर तिथं बोट फिरवल्यावर अजूनही थोडं टणक लागेल. ते तसंच सोडा.

हा हिशेब आमच्या कापूस-तुरीच्या पट्ट्यातला आहे, होळी ते मृग अशी मोकळीक इथं मिळते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची कापणी-मळणी उरकली की हाताला सुट्टी असते, ती डिसेंबर-जानेवारीत. पण त्यांना थंडी सोसावी लागते आणि थंडीत हात जास्त फाटतात. त्यांनी तेल दुप्पट लावावं, घासणं निम्मं. उन्हाळी धान असेल तर हात रिकामे राहतच नाहीत, तिथं घट्टा घालवण्याच्या नादी न लागता तो फाटू न देणं एवढंच बघावं.

रात्रीची कृती

भांडी घासून झाली, उद्याची भाजी निवडून झाली, आता पाण्यात हात घालायचा नाही, अशा वेळी हे करायचं. नाहीतर लावलेलं तेल दहा मिनिटांत धुऊन जातं.

टोपल्यात कोमट पाणी घ्या. हाताच्या मागच्या बाजूला सहन होईल इतकंच गरम, कारण तळहाताला घट्ट्यामुळं गरमपणा नीट कळत नाही. दहा ते पंधरा मिनिटं हात बुडवून बसा. मीठ, सोडा, लिंबू, काही टाकायची गरज नाही. कपडे धुवायची पावडर तर मुळीच नाही. पाण्यानं घट्टा फुगतो, पांढरा होतो, बोटानं दाबलं तर ओल्या शेंगेच्या टरफलासारखा लागतो. तेवढं झालं की पुरे.

तिसऱ्या आठवड्यापासून, आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, याच ओल्या घट्ट्यावर वजरी फिरवा. पायाची वजरी हाताला वापरू नका, हाताला वेगळी आणि बारीक पोताची घ्या. धातूची किसणीसारखी मिळते ती नको. एका दिशेनं, हलक्या हातानं, दहा-पंधरा वेळा. मग पाण्यात हात बुडवून पाहा. वजरीवर पांढरा लगदा यायला हवा. लगदा यायचा थांबला, कातडी गुलाबी दिसली किंवा जरा चुरचुरलं, की त्या दिवसाचं काम संपलं. एका बैठकीत घट्टा संपवायचा नाही. जास्त खरवडलं तर कातडी त्याला पुन्हा घासणंच समजते आणि आणखी जाड व्हायला लागते. ही चूक मी गावात सगळ्यात जास्त पाहिली आहे.

हात टिपा, चोळून कोरडे करू नका. थोडी ओल असतानाच तेल लावा. खोबरेल चालतं, तिळाचं चालतं, जवसाचं चालतं पण त्याचा वास सगळ्यांना मानवत नाही. मोहाच्या बियांचं तेल झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या धानाच्या जिल्ह्यांत, घरोघरी असतं, ते थंडीत थिजतं आणि भेगांवर चांगलं बसतं. मेडिकलमधलं साधं पेट्रोलियम जेली या सगळ्यांइतकंच चांगलं, आणि ओल धरून ठेवण्यात तर सरस. त्यावर जुने सुती पायमोजे हातात घालून झोपा. पहिल्या रात्री हसू येतं, चौथ्या रात्री सवय होते. सकाळी हात बघितला की फरक कळतो.

भेगा असतील तर मी घरी मलम करते. एक भाग शुद्ध मेण, चार भाग तेल, वाटी गरम पाण्यात ठेवून मेण विरघळेपर्यंत ढवळायचं आणि डबीत ओतायचं. सरळ विस्तवावर ठेवायचं नाही. रात्री भेगेत भरून द्यायचं. दोन-तीन दिवसांत कडा जुळून येतात.

जाड, जुन्या घट्ट्याला तेल-पाणी अपुरं पडतं. तिथं मेडिकलमध्ये युरिया असलेली क्रीम मिळते, दहा किंवा वीस टक्क्यांची. ती कातडीत पाणी धरते आणि जास्त प्रमाणात असली तर मेलेला थर सैल करते. रोज रात्री लावा, महिनाभरात चांगला फरक पडतो. नाव ऐकून एका काकांनी खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून हात बुडवले होते. दोन दिवस हात लाल होते. पोत्यातला युरिया पिकाचा आहे, त्याच्यात काय मिसळलेलं आहे आणि किती तीव्र झालंय याचा काही भरवसा नाही. कृपा करून असं करू नका.

दुसरं औषध सॅलिसिलिक आम्लाचं, सहा किंवा बारा टक्क्यांचं मलम. ते फक्त घट्ट्यावर लावायचं, भोवतीच्या चांगल्या कातडीला आधी पेट्रोलियम जेली लावून ठेवायची. भेग, जखम असेल तर नाही. गरोदर बाईनं आणि लहान मुलांना विचारल्याशिवाय नाही. पायाच्या कुरुपाला लावतात त्या पट्ट्या, कॉर्न कॅप, चाळीस टक्क्यांच्या असतात. तळहाताला त्या चिकटवल्या तर घट्ट्याबरोबर खालचं कोवळं कातडंही सोलून येतं.

ब्लेड, बिबा आणि बाकीचे उपाय

ब्लेडनं घट्टा कापणारे लोक प्रत्येक गावात आहेत आणि ते म्हणतात, काही होत नाही. दहादा होत नाही. अकराव्यांदा खोल जातं, शेणामातीत हात असतो, आणि मग धनुर्वाताचं इंजेक्शन, पू, ताप. घट्ट्याच्या मेलेल्या थरात मज्जातंतू नसतात म्हणून कापताना दुखत नाही, आणि म्हणूनच कुठं थांबायचं ते कळत नाही. दात लावून घट्टे कुरतडायची सवयही अशीच वाईट.

बिब्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आमच्याकडं भेगेला, कुरुपाला, दुखणाऱ्या टाचेला बिबा तापवून त्याचा थेंब सोडायची पद्धत आहे. आजीच्या काळापासून आहे, म्हणून कोणी शंका घेत नाही. पण बिब्याचं तेल कातडी जाळतं. काहींना तर त्याचा नुसता हात लागला तरी तोंड सुजतं, अंगभर फोड येतात. एका म्हाताऱ्या मामीच्या तळहातावर बिब्यानं रुपयाएवढा फोड आला, तो फुटला, आणि निंदणाचे पंचवीस दिवस तिला घरी बसावं लागलं. मजुरी गेली ती गेलीच. रुईचा चीकही तसाच, तो डोळ्यात गेला तर नजरेवर येऊ शकतं. चुना आणि सोड्याचा लेप, बॅटरीचं पाणी, हे सगळं त्याच जातीचं.

राहिलं रॉकेल. डिंक, डांबर, ग्रीस काढायला लोक रॉकेलनं हात धुतात. त्यानं कातडीतलं उरलंसुरलं तेल निघून जातं. खाण्याचं तेल चोळून मग साबण लावला तरी ग्रीस निघतं.

दांडा सुधारा

घट्टा उतरवून पुन्हा त्याच दांड्याला हात घातला तर महिन्याभरात तो परत येणार. त्यामुळे मोकळ्या दिवसांत अवजारांकडे बघावं, असं मी म्हणते. आमच्याकडं दांडे धावड्याचे किंवा बाभळीचे असतात. नवा दांडा तासून झाल्यावर फुटक्या काचेच्या कडेनं खरवडला की मखमलीसारखा होतो. हातात जाडंभरडं कापड गुंडाळूनच ते करा. मग जवसाचं तेल चोळायचं, सावलीत दोन-तीन दिवस ठेवायचं, पुन्हा चोळायचं. तेलानं माखलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांची गुंडाळी आपोआप तापून पेटते, आणि घरात कापूस असतो.

जाडी अशी हवी की मूठ वळल्यावर बोटांची टोकं अंगठ्याजवळ येतात पण तळहातात रुतत नाहीत. बारीक दांडा जास्त आवळून धरावा लागतो आणि घट्टे जास्त येतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायची पद्धत चांगली आहे, फक्त त्याची कड हाताखाली येऊ देऊ नका. काम करताना अंगठी काढून ठेवा, अंगठीखाली नेहमी एक वेगळा टणक घट्टा असतो. तळव्याला रबर लावलेले विणलेले हातमोजे तालुक्याला मिळतात. सोयाबीन सोंगताना आणि पऱ्हाटी उपटताना ते खरंच कामाचे आहेत. पऱ्हाटी उपटायला चिमटा असेल तर आणखी बरं. निंदणात मात्र मोज्यानं पीक कोणतं, तण कोणतं हे हाताला कळत नाही, तिथं बायका घालणार नाहीत, आणि मला त्यांचं पटतं.

फवारणीच्या दिवसांत वजरी नको

हे वेगळं लिहिते आहे कारण जीवाचा प्रश्न आहे. "माह्या हाताले घट्टे हायेत, औषध काय शिरते?" असं म्हणत उघड्या हातानं औषध कालवणारी माणसं मी पाहिली आहेत. कीटकनाशक घट्ट्याच्या भेगेतून जातं, हाताच्या पाठीकडच्या पातळ कातडीतून जातं, बोटांच्या बेचक्यातून जातं. 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. घट्टा घासून खालची कोवळी कातडी उघडी पडलेली असेल तर आणखी धोका. म्हणून फवारणी असेल त्या आठवड्यात घासणं बंद. औषध कालवताना नायट्राइलचे लांब मोजे, कापडी नाही. कापडी मोजा औषध पितो आणि दिवसभर हाताला लावून ठेवतो.

अंगठा उठत नाही तेव्हा

घट्ट्यांची चौकशी करणाऱ्या निम्म्या बायकांची खरी अडचण वेगळीच असते. गेल्या वर्षी रेशनच्या दुकानात माझ्या सासूबाई मशिनीवर अंगठा ठेवत होत्या. एकदा, दोनदा, पाचदा. दुकानदार म्हणाला उद्या या. सासूबाई लुगड्याला अंगठा पुसत म्हणाल्या, "काय करू बापा, कापूस येचू येचू आंगठाच घासून गेला." बोंडाची टोकं, सिमेंट, राख, खुरपं, यानं बोटांच्या टोकावरच्या बारीक रेषा झिजतात किंवा चिरा पडून तुटतात. तो घट्टा नाही, झीज आहे. पण इलाज तोच: विश्रांती आणि तेल. तीन-चार आठवडे बोटं जपली की बहुतेकांच्या रेषा परत उठतात, कारण त्यांचा साचा खालच्या थरात असतो. उतारवयात मात्र त्या पुसटच राहतात.

दुकानात जायच्या आदल्या रात्री बोटांना तेल लावा, सकाळी साबणानं धुवा. फार कोरडं बोट उठत नसेल तर किंचित ओलसर करून लावा. अंगठाच लावला पाहिजे असं नाही, अनामिका आणि डाव्या हाताची बोटं कमी झिजलेली असतात, ती लावून बघा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीचा मार्ग असतो, काही ठिकाणी डोळ्याचं यंत्र असतं. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं देता येतात, ते काम बोटं बरी झाल्यावर, मे महिन्यात करा. आणि यंत्रानं ठसा ओळखला नाही एवढ्यावरून धान्य नाकारता येत नाही, तशा सरकारच्या सूचना आहेत. हे शांतपणे पण ठामपणे सांगा. सासूबाईंची त्या दिवशी डाव्या हाताची अनामिका उठली.

मृगाच्या आधी

काकूंच्या सुनेनं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात केली. सहाव्या आठवड्यात तिचे बोटांच्या बुडाचे चारही घट्टे सपाट झाले, विळ्याचा पट्टा थोडा राहिला. लग्नात मेहंदी चांगली रंगली. तळहाताच्या जाड कातडीवर रंग तसाही गडद चढतो, ही त्या पट्ट्याची जमेची बाजू.

पण लग्नाहून आल्यावर तिला जूनमध्ये शेतातच उतरायचं होतं, आणि हे बहुतेकींचं असतं. म्हणून मृगाच्या पंधरा दिवस आधी, म्हणजे 22-23 मेच्या सुमारास, वजरी बंद करा. क्रीम आणि आम्लाचं मलमही बंद. फक्त तेल चालू ठेवा. जुन्या घट्ट्याचा जो पातळ थर उरला असेल तो राहू द्या, पहिल्या पावसानंतर तोच फोडांपासून वाचवतो. पहिले चार दिवस एकदम आठ तास न राबता दोन-तीन तासांनी हात बदला, अवजार बदला.

तरी फोड आलाच तर फोडू नका, वरचं कातडं ही उत्तम पट्टी आहे. फार टचटचीत भरला असेल तर सुई उकळून, कडेला एक भोक पाडून पाणी काढा, वरचं कातडं तसंच ठेवा, स्वच्छ पट्टी बांधा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर उपकेंद्रात येऊन घ्या. फोडापासून लाल रेघ मनगटावरून वर कोपराकडं चढायला लागली, पू आला, ताप आला, तर संध्याकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात या.